उजनीचा काठ नेमका कुठं असतो?

दिवाळी झाली की मला हमखास एक फोन येतो. कधी मैत्रिणीचा, कधी मैत्रिणीच्या ऑफिसातल्या कुणाचा. "तू उजनीवर पीएचडी करतेस ना? आम्हाला एक रात्र तंबू टाकून राहायचंय. पाण्याच्या अगदी काठावरची जागा सांग."

माझी पीएचडी उजनीवर नाही, उजनीच्या गाळावर आहे. पण हा फरक फोनवर सांगण्यात अर्थ नसतो. मी उलट विचारते, "काठ म्हणजे कुठल्या महिन्यातला?" समोरच्याला वाटतं, ही उगाच शहाणपणा करतेय. खरं तर तो प्रश्न अगदी साधा आणि व्यवहाराचा आहे. सोलापूर जिल्ह्यात मोकळ्या आभाळाखाली राहावं असं सगळ्यात मोठं पाणी उजनीचंच. पण तिथं काठ नावाची रेघच नाही. तिथं एक रुंद पट्टा आहे. तो वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो आणि काही महिने उघडा. तंबू कुठं टाकायचा, होडीत कधी बसायचं, कुठं पाऊल टाकायचं नाही, हे सगळं या पट्ट्यावरून ठरतं. म्हणून आज त्याबद्दल.

आधी त्या "उणे टक्क्यां"चं बघू

उन्हाळ्यात सोलापूरच्या पेपरात बातमी असते, "उजनी उणे वीस टक्के". दरवर्षी कुणीतरी विचारतंच, की धरण शून्याच्या खाली कसं जाईल? घागर रिकामी झाली की झाली.

गोम अशी, की टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातला ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३.६६ टीएमसी मृत साठा. म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी "मृत" गटात. मृत म्हणजे निरुपयोगी नव्हे. कालव्याला नेहमीसारखं देता येतं त्या पातळीच्या खालचं पाणी, एवढाच त्याचा अर्थ. शून्य टक्के म्हणजे पाणी या पातळीला टेकलं. त्यानंतरही पिण्यासाठी नदीत पाणी सोडलं जातं, बाष्पीभवन चालूच असतं, आणि आकडा उणे होत जातो. उणे ५० टक्के म्हणजे ५३.५७ च्या निम्मं पाणी मृत साठ्यातून गेलं, तरी धरणात सुमारे ३७ टीएमसी शिल्लक. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी या उणे ५० च्याही खाली गेली होती.

आता पातळीचे दोन आकडे बघा. धरण शंभर टक्के भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटरवर असतं. शून्य टक्के म्हणजे ४९१.०३ मीटर. मधलं अंतर फक्त ५.८ मीटर! दुमजली घराएवढं. सोलापूरकरांची वर्षभराची सगळी धाकधूक या ५.८ मीटरमध्ये वरखाली होत असते.

उभं अंतर लहान, आडवं मोठं

५.८ मीटर एवढं कमी आणि पाणी एवढं जास्त, हे जमतं कसं? पसाऱ्यामुळे. ५३.५७ टीएमसी म्हणजे साधारण १५२ कोटी घनमीटर. त्याला ५.८ ने भागलं की सरासरी २६० चौरस किलोमीटरचा पृष्ठभाग येतो. कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या धरणासारखी ही खोल दरी नाही. भीमेचं पात्र आणि भोवतीची जवळपास सपाट शेतजमीन, असं हे पसरट ताट आहे.

सपाट जमिनीवर काय होतं ते सोपं आहे. समजा जमिनीला १०० मीटरला १ मीटर एवढा उतार आहे. पाणी १ मीटर खाली गेलं की काठ १०० मीटर लांब गेला. ५.८ मीटर उतरलं की ५८० मीटर. उतार ५०० मीटरला १ मीटर असेल (भिगवणकडच्या उथळ भागात अशी जमीन चालून बघा, उतार आहे हेच कळत नाही), तर तोच काठ जवळजवळ तीन किलोमीटर मागे.

काठावरच्या शेतकऱ्याला हे गणित सांगावं लागत नाही. करमाळा, माढा, इंदापूरकडे उन्हाळ्यात बघा, पाणी मागे सरकेल तशा मोटारी, केबल आणि पाइप पुढे सरकवत न्यायचे, हे एक कामच होऊन बसतं. पाणी हटल्यावर उघडी पडते ती गाळपेर जमीन. जिथं परवानगी मिळते तिथं त्यावर एक पीक निघतं. यातली कितीतरी जमीन धरणाआधी कुणाची तरी स्वतःची होती. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर वर येतं आणि फोटो काढायला गर्दी होते. ते मंदिर एकटं बुडलं नव्हतं, त्याच्यासोबत गावही बुडालं होतं, एवढं तिथं उभं असताना लक्षात असावं.

पट्ट्यात राहतं कोण?

पहिला पाहुणा सगळ्यांना माहीत असलेला, रोहित. फ्लेमिंगो. चोच उलटी करून पाणी आणि चिखल गाळायचा, त्यातले किडे, अळ्या, शेवाळ खायचं, ही त्याची पद्धत. म्हणून त्याला पोटरीएवढं उथळ पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. उजनी काठोकाठ भरलेली असेल तर अशी जागा कमी, त्यामुळे पाणी उशिरा उतरलं की रोहितही उशिरा दिसतात. "यंदा फ्लेमिंगो आलेच नाहीत" असं डिसेंबरात म्हणणाऱ्यांनी आधी धरणाचा टक्का बघावा.

हा गाळ एवढा खाऊपिऊ घालणारा का, याचं एक उत्तर वरच्या अंगाला आहे. मुळा-मुठेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेत आणि तिथून उजनीत येतं. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ आणि जलपर्णी माजते, शेवाळावर अळ्या वाढतात. रोहितांना पंगत, आणि आपल्याला हिरवं पाणी. तंबूवाल्यांसाठी यातला धडा असा, की धरणाचं पाणी उकळून प्यायचा बेत करू नका. उकळल्यानं जंतू मरतात, पण काही नीलहरित शेवाळांचं विष उकळून जात नाही. पाणी घरून न्या.

दुसरे रहिवासी दिसत नाहीत आणि म्हणूनच मला त्यांची जास्त काळजी वाटते. टिटवी, नदी सुरय यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, फार तर चार खडे. अंडी मातीच्या रंगाची, ठिपकेदार. मार्च ते मेच्या उन्हात ही अंडी उबवण्यापेक्षा थंड ठेवणं हेच आईबापांचं खरं काम असतं. सावली धरून उभं राहायचं, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणायची. तुम्ही जवळ चटई टाकून बसलात तर पक्षी डोक्यावर ओरडत फिरत राहतो आणि अंडी उन्हात. ४० अंशांच्या दुपारी थोडा वेळही पुरतो. टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली तर ती गाणं म्हणत नाहीये. आलात त्याच वाटेनं मागे फिरा.

आणि तिसरा, गाळ. माझा विषय, म्हणून थोडं जास्त. आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट नावाची खनिजं असतात. पापडांची चवड डोळ्यांसमोर आणा, त्या एकेका पापडाच्या मध्ये पाणी शिरतं आणि चवड फुगते. हे पाणी लवकर सुटत नाही. त्यामुळे वरचा थर वाळून, भेगा पडून अगदी कोरडा दिसतो आणि खाली वीतभरावर लोण्यासारखा चिखल असतो. मी स्वतः मांडीपर्यंत रुतून बसलेली आहे, बूट अजून तिथंच आहे. गाडी तर चुकूनही घालू नका. चालतानाही हातात काठी हवी. आधी ती टोचून बघायची, मग पाऊल.

न पडलेल्या पावसाचं पाणी

आता पट्टा उलट दिशेनं. जुलैत सोलापुरात कोरडं ठणठणीत असतं, आभाळ येतं आणि जातं. उजनी भरते ती आपल्या पावसावर नाही, घाटमाथ्यावरच्या. पुण्याकडची धरणं भरली की तिथून विसर्ग सुरू होतो आणि तो दौंडमार्गे येतो. म्हणून आपल्याकडचे लोक आभाळाकडे कमी आणि "दौंडचा विसर्ग किती" याकडे जास्त बघतात.

१ लाख क्युसेक विसर्ग दिवसभर चालला तर ८.६४ टीएमसी पाणी येतं. वरच्या २६० चौरस किलोमीटरवर ते पसरलं, तर पातळी एका दिवसात जवळपास एक मीटर चढते. शंभराला एक उतार असेल तर काठ तुमच्याकडे १०० मीटर चालत आला! आवाज नाही, लाट नाही. पहिल्या वर्षी आम्ही नमुन्यांच्या जागा दाखवायला बांबू रोवले होते, पाण्यापासून चांगले लांब. पाऊस नव्हता, म्हणून निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी बांबूंची फक्त टोकं दिसत होती. तिथं तंबू असता तर?

मे महिना आणि होडी

हिवाळ्यात उजनी शांत असते, होडीतून पक्षी बघायला छान. मे महिन्याच्या दुपारनंतरची उजनी वेगळी असते.

वळवाच्या ढगातून पाऊस पडायला लागला की त्यासोबत थंड, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. हा वारा पावसाच्या आधी पोचतो. तुमच्यावर अजून ऊन असतं, ढग लांब दिसतो, आणि वारा येऊन धडकतो. जमिनीवर झाडं, घरं, बांध त्याला अडवतात. पाण्यावर अडवायला काही नाही. वाऱ्याला मोकळी धाव जेवढी लांब, तेवढी लाट मोठी. ताशी ५० किलोमीटरचा वारा ५ किलोमीटर पाण्यावरून तासभर वाहिला तर साधारण अर्ध्या मीटरच्या लाटा उठतात, मधूनच एखादी त्याच्या दुप्पट. समुद्रावर याला कुणी लाट म्हणणार नाही. पण भरलेल्या छोट्या होडीची कड पाण्यापासून वीतभर वर असते. तिला एवढ्या मोठ्या लाटेची वाट बघावी लागत नाही, वाऱ्याची पहिली पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते सहलीला आलेले नव्हते. धरणानं दोन्ही काठ तोडल्यावर या गावांना रस्त्यानं मोठा वळसा पडतो, म्हणून लोक पाण्यावरून जातात. त्यांना दुसरा पर्याय सोपा नाही. आपल्याला आहे. म्हणून मे महिन्यात होडी फक्त सकाळी, आणि जीवरक्षक जॅकेट अंगात घालून, बांधून. ते बाकाखाली ठेवलेलं असेल तर नसल्यासारखंच. आकाशात कुठंही ढगाचा मनोरा वाढताना दिसला तर होडी नाही. होडीवाला दादा "आज नको" म्हणाला तर शंभर रुपये जास्त देऊन त्याला तयार करू नका.

मग तंबू कुठं?

आता फोनवरच्या प्रश्नाचं उत्तर.

पट्ट्यात नाही, पट्ट्याच्या वर. पूर्ण पातळीची खूण शोधायची. वाळलेल्या जलपर्णीची आणि प्लॅस्टिकची एक ओळ काठाला समांतर पडलेली दिसेल, तिथपर्यंत पाणी आलेलं असतं. तिच्याही वर जिथं मोठी, जुनी झाडं आणि पक्की घरं सुरू होतात ती जागा बरी. ती जमीन बहुतेक वेळा कुणाच्या तरी मालकीची असते. विचारा. बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत, आणि सकाळी चहाही मिळतो. धरणाच्या भिंतीजवळ मात्र जायचं नाही.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पक्षीही तेव्हाच भरपूर, चक्रवाक बदकं, पट्टकादंब, चित्रबलाक. मार्चनंतर जायचं तर सकाळी जाऊन दुपारच्या आत परत. विजा सुरू झाल्या तर तंबूत किंवा झाडाखाली नाही, काचा बंद करून गाडीत बसा. पावसाळ्यात निघण्याआधी उजनीचा टक्का आणि दौंडचा विसर्ग, दोन्ही बघा. टक्का सांगतो काठ आज कुठं आहे, विसर्ग सांगतो तो उद्या कुठं असेल.

परवा एकीला एवढं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तंबूतून पाणी अर्धा किलोमीटर लांब? मग मजा काय?" मी म्हटलं, पहाटे उठून तेवढं चालत जा, हळू, काठी टोचत, टिटवीचं ऐकत. ती गेली. रोहित दिसले का विचारलं, तर म्हणाली, दिसले, पण जाता-येता ते अर्धा किलोमीटरच बघण्यात जास्त वेळ गेला.