शीळ, मांजर आणि गाल्टनची काठी

घरातले सोबती : लेखांक ९

मी शीळ घालायला लागलो की आमची चिंगी असेल तिथून उठून येते. मांडीवर चढते, पुढचे दोन पाय माझ्या छातीवर टेकते, अगदी तोंडाजवळ तोंड आणून एकदा ‘म्यांव’ करते आणि तरी मी थांबलो नाही तर हनुवटीला हलकेच चावते. घरच्यांच्या मते ही माझ्या संगीताची समीक्षा आहे. गेल्या लेखांकात कुत्र्याच्या नाकाबद्दल लिहिलं, तेव्हाच ठरवलं होतं की आता मांजराच्या कानाकडे वळायचं.

चिंगीची एक थोर पूर्वज पॅरिसमध्ये होऊन गेली. फ्रेंच कवी थेओफिल गोतिये याने १८६९ साली आपल्या पाळीव प्राण्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात ती भेटते. नाव मादाम थेओफिल. गोतियेकडे गायिका यायच्या, त्या गात असताना ही बाई स्वरलिपीच्या चळतीवर बसून तल्लीनतेने ऐकायची. मात्र वरचा ‘ला’ लागला रे लागला की पंजा उचलून गाणारीचं तोंड बंद करायची. लोक मुद्दाम तो स्वर लावून बघायचे. मांजर कधी चुकली नाही, असं गोतिये सांगतो.

हा ‘ला’ म्हणजे आपल्या हार्मोनियमवरची पांढरी सहा. १८५९ साली फ्रान्सने सरकारी हुकूम काढून मधल्या ‘ला’ची कंप्रता ४३५ ठरवली होती. त्याच्या एक सप्तक वर गेलं तर ८७०. सेकंदाला ८७० कंपनं, म्हणजे ८७० हर्ट्झ. आपली तोंडाने घातलेली शीळ याच्याही वर, साधारण हजार ते तीन-चार हजार हर्ट्झमध्ये असते. आपल्याला हे आवाज टिपेचे वाटतात. मांजराला तसे वाटत असतील का? नाही. आणि हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका इंग्रज गृहस्थाने, हातात काठी घेऊन.

फ्रान्सिस गाल्टनने १८७६ साली एक बारीकशी पितळी शिट्टी बनवली. तिची पोकळी कमी-जास्त करता यायची, त्यामुळे आवाज चढवत चढवत माणसाच्या कानापलीकडे नेता येत असे. ही शिट्टी त्याने काठीच्या टोकाला बसवली आणि मुठीखाली रबराची नळी ठेवली. नळी दाबली की शिट्टी वाजणार, पण माणसाला काही ऐकू येणार नाही. ही काठी घेऊन स्वारी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात हिंडायची. जनावराच्या कानाशी काठी न्यायची, ते सरावून दुर्लक्ष करू लागलं की नळी दाबायची आणि कान टवकारतो का ते बघायचं. रस्त्यावरची लहान कुत्री वळून बघत, मोठी नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात त्याने मोठ्या कुत्र्यांपुढे तासन्‌तास ही मूक शिट्टी वाजवली, एकही वळलं नाही. (येणाऱ्या-जाणाऱ्यांनी या साहेबाबद्दल काय मत करून घेतलं असेल!) सगळ्यांत तिखट कान निघाला मांजराचा. बऱ्याच अंतरावरच्या मांजराचा कानसुद्धा काठीच्या दिशेने वळे. कारणही त्याने तेव्हाच सांगून ठेवलं: अंधारात उंदीर शोधायचा तर त्याची चिरचिर ऐकू यायला हवी. हे सगळं त्याच्या १८८३ च्या पुस्तकात आहे. वंशशुद्धीच्या ज्या विचाराने पुढे जगात अनर्थ केला, त्याला ‘युजेनिक्स’ हे नाव त्याने दिलं तेही याच पुस्तकात. एवढं बारीक निरीक्षण आणि एवढा घातकी विचार एकाच डोक्यात नांदत होते.

गाल्टनच्या काठीनंतर शंभरेक वर्षांनी, १९८५ मध्ये, रिकी आणि हेन्री हेफनर या अमेरिकन शास्त्रज्ञ दांपत्याने मांजराचा कान पद्धतशीर मोजला. आवाज पुरेसा मोठा असेल तर मांजराला ४८ हर्ट्झपासून ८५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. माणसाची वरची हद्द २०,०००, तीही तरुणपणी. म्हणजे जिथे आपलं ऐकणं संपतं, तिथून पुढे मांजराची दोन सप्तकं शिल्लक असतात. आणि खालचे स्वरही तिने सोडलेले नाहीत. सस्तन प्राण्यांत हे विरळा, कारण ज्यांना फार वरचं ऐकू येतं त्यांचं खालचं बहुधा सुटतं. उंदरांची आपसातली बरीचशी बोलणी २०,००० च्या वरच चालतात. आपल्याला ज्या स्वयंपाकघरात रात्री शांतता वाटते, तिथे ओट्याखाली गप्पांचा फड रंगलेला असू शकतो आणि मांजर तो कान देऊन ऐकत असते.

तेव्हा माझी शीळ चिंगीच्या कानाला टिपेची नाहीच, ती तिच्या पट्टीत मध्यभागी बसते. कान दुखत असते तर ती पळून गेली असती. मग येते कशाला? माझा तर्क असा, की ती स्वराच्या उंचीला उत्तर देत नाही, त्यातल्या अर्थाला देते. पिल्लू आईपासून दुरावलं की चिरक्या, वरखाली होणाऱ्या आवाजात हाका मारतं. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये झालेल्या एका प्रयोगात (२०१६) पिल्लांच्या जास्त कासावीस हाकांकडे माद्या अधिक झटकन वळल्या. बोक्यांना कासावीस काय आणि साधी काय, दोन्ही हाका सारख्याच. फ्रान्समध्ये २०२२ साली सोळा मांजरांना ध्वनिमुद्रित बोलणं ऐकवलं गेलं. मालक लाडाच्या, चढ्या सुरात बोलला की त्यांनी दखल घेतली. अनोळखी माणसाने तोच लाडिक सूर लावला तर नाही.

आमच्याकडचा पुरावा त्याहून साधा आहे. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतो, वाफेचा तो फूत्कार शिळेच्या कितीतरी पट मोठा, पण चिंगी डोळाही उघडत नाही. दुधाची प्लास्टिकची पिशवी जराशी सळसळली की दोन खोल्या ओलांडून हजर.

या सळसळीत आपल्याला ऐकू येतं त्याहून बरंच काही असतं. प्लास्टिक, चांदीसारखा तो पातळ कागद, किल्ल्यांचा जुडगा या सगळ्यांतून आपल्या कानापलीकडचे स्वरही निघतात. वटवाघळांचे आवाज पकडणारं यंत्र चालू आहे ना, हे तपासायला अभ्यासक त्याच्यासमोर किल्ल्याच वाजवतात. उंदीर पळवण्यासाठी प्लगमध्ये खोचायची जी यंत्रं मिळतात, त्यांचं ‘आवाज नसलेलं’ काम मांजरासाठी मुळीच मूक नसतं. उंदीर काही दिवसांत त्याला सरावतात. मांजर असलेल्या घरात मी तरी ते यंत्र लावणार नाही.

कुठे कुठे मात्र आवाज खरोखरच घातक ठरतो. ब्रिटनमधले पशुवैद्य मार्क लोवरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ९६ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली. सिरॅमिकच्या वाडग्यावर चमचा आपटला, चांदीचा कागद चुरगळला, नाणी वाजली, इतकंच काय मालकाने जिभेने ‘टक’ केलं, तरी या मांजरांना झटके येत. कधी अंग नुसतं दचके, कधी पूर्ण आकडी. दुखणं म्हातारपणाचं, सरासरी पंधराव्या वर्षी सुरू होणारं, आणि बर्मन जातीच्या मांजरांत जास्त दिसलेलं. गंमत अशी की यातल्या निम्म्याच्या आसपास मांजरांना ऐकू कमी येत होतं किंवा येतच नव्हतं, असं त्यांच्या मालकांचं म्हणणं. कार्टूनमधल्या दचकणाऱ्या बोक्यावरून वर्तमानपत्रांनी याला ‘टॉम अँड जेरी सिंड्रोम’ म्हटलं. ज्याच्या मांडीवर मांजर आकडीने ताठ होतं, त्याला त्यात हसू येण्यासारखं काही नसतं. यावर लेव्हेटिरासिटाम नावाचं औषध चांगलं लागू पडतं. म्हातारं मांजर भांड्यांच्या आवाजाने वारंवार झटका दिल्यासारखं हललं, तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या आणि पशुवैद्याला दाखवा. दवाखान्यातल्या टेबलावर ते नेमकं काहीच करणार नाही.

बाकी धडधाकट मांजरापुढे शीळ घालून बघायला हरकत नाही. कान मागे चपटे झाले, शेपटी आपटायला लागली किंवा ती उठून दुसऱ्या खोलीत गेली, तर मैफल आवरती घ्या. माझी तर चिंगीच आवरते. हनुवटीवर सध्या दोन लाल ठिपके आहेत.

(पुढील लेखांकात : मिशा)