रेगेंट द्राक्ष
रेगेंट ही लाल वाइनसाठीची जर्मन संकरित द्राक्षजात. गाइलवाइलरहोफ येथील संशोधन संस्थेत १९६७ मध्ये ‘डायना’ ही पांढरी युरोपीय जात आणि ‘शांबूरसाँ’ हा फ्रेंच संकर यांच्यापासून ती तयार झाली. शांबूरसाँच्या वंशात अमेरिकी रानवेली आहेत. केवडा आणि भुरी या रोगांना तोंड देण्याची ताकद तिथूनच आली. अर्थात ही प्रतिकारशक्ती म्हणजे अभय नव्हे. फवारण्या कमी होतात, पण पूर्ण टळत नाहीत, कारण बुरशीही बदलत असते. फळ लवकर पिकते, त्यामुळे इंग्लंडसारख्या थंड प्रदेशातही ती लावली जाते. वाइन गडद रंगाची होते. नाव मात्र मुळात गोवळकोंड्याच्या खाणीतून निघालेल्या ‘रीजंट’ हिऱ्यावरून ठेवलेले!