कारेगावच्या पणजोबांचे दप्तर

ज्यांनी उभ्या आयुष्यात एक पत्र लिहिले नाही, अशा कारेगावच्या एखाद्या कष्टकरी पणजोबांचे चरित्र शोधू म्हटले, तर ते घरातल्या पत्र्याच्या पेटीतील तगाईच्या पावत्यांत आणि शिरूरच्या तहसील कचेरीतील दप्तरांत विखुरलेले सापडते. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला पेटलेला सावकारांविरुद्धचा दंगा शिरूर तालुक्यातही पसरला, रयतेने सावकारांची खते जाळली; पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचे कर्जखत निबंधकापुढे लिहिणे आवश्यक ठरले, आणि निरक्षराच्या देण्याघेण्याचीही सरकारदरबारी नोंद राहू लागली. जमिनीच्या फेरफाराची जुनी नोंद पाहावी : ‘मयत, वारस मुलगे’, आणि खाली ‘निशाणी डावा अंगठा’. तो शाईचा ठसा मला कोणत्याही छायाचित्राहून बोलका वाटतो. भूमिहीन मजूर मात्र सातबाऱ्यावर येतच नाही. त्याचा जन्ममृत्यू कोतवाल बुकात शोधावा, आणि दुसऱ्याची जमीन कसणारा असेल, तर १ एप्रिल १९५७ च्या, म्हणजे कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानणाऱ्या कृषकदिनाच्या, आगेमागे कुळाच्या नोंदी चाळाव्यात. जुने कागद बहुधा मोडी लिपीत असतात. ती वाचणारे कोणी वडीलधारे घरात असतील, तर पेटी घेऊन त्यांच्यापाशी आजच बसा.