दोन नमुन्यांच्या मधला वेळ हरवतो का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी विभागातल्या सेमिनारमध्ये मी ठामपणे सांगितलं होतं, "सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. म्हणजे दोन नमुन्यांत २२.७ मायक्रोसेकंदांचं अंतर. डाव्या-उजव्या चॅनेलमधला त्याहून लहान फरक डिजिटलमध्ये टिकूच शकत नाही." सरांनी एवढंच विचारलं, "मोजून पाहिलंस?" नव्हतं पाहिलं.

तुम्हीही कदाचित हेच उत्तर दिलं असतं, म्हणून चूक नीट बघू.

आवाज डावीकडून आला की डाव्या कानाला आधी पोहोचतो. अगदी बाजूने आला तरी हा फरक साधारण ६५० मायक्रोसेकंदांचा. पण सराव असलेल्या श्रोत्याला हेडफोनवर, कमी वारंवारतेच्या आवाजात, सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरकही जाणवतो. आवाज किंचित एका बाजूला सरकतो. माझं म्हणणं खरं असतं, तर कानाला कळणारी गोष्ट सीडी गमावत असती.

मी विसरले ते हे: नमुना ‘केव्हा’सोबत ‘किती’ हेही सांगतो. तरंग थोडा उशिरा आला, तर त्याच क्षणांना घेतलेल्या नमुन्यांच्या किमती बदलतात. सिग्नलमध्ये २२,०५० हर्ट्झच्या वर काही नसेल, तर त्या किमतींवरून मूळ तरंग उशिरासकट परत उभा करता येतो.

पायथनमध्ये करून बघा. १ किलोहर्ट्झची पूर्ण उंचीची साइन लहर घ्या, दुसरी ५ मायक्रोसेकंद उशिरा. १६ बिटमध्ये शून्याजवळचे नमुने हजारेक पायऱ्यांनी वेगळे येतील. एक पायरी म्हणजे इथे जेमतेम ५ नॅनोसेकंद! आवाज हळू असेल तर ही सूक्ष्मता कमी होते, पण तिला अडवतो तो गोंगाट; नमुन्यांमधलं अंतर नव्हे.

मग खराच उशीर झाला तर? १९८२च्या सोनी सीडीपी-१०१ मध्ये दोन्ही चॅनेलसाठी एकच कन्व्हर्टर आळीपाळीने चाले, म्हणून एक चॅनेल सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे राही. तेवढ्या वेळात आवाज हवेत ४ मिलिमीटर जातो. हेडफोनवर हे ऐकू येण्याच्या उंबरठ्यावर. स्पीकरसमोर मात्र मान जराशी हलवली तरी याहून मोठा फरक पडतो.

थोडक्यात, नमुन्यांमधलं अंतर सर्वांत वरची वारंवारता ठरवतं, वेळेची सूक्ष्मता नाही. सिनॉप्सिसमध्ये ‘मर्यादा’ हा शब्द लिहिण्याआधी दहा ओळींचा कोड चालवा. माझं एक सेमिनार वाचलं असतं.