*नोंद फोनात आहे की सातबाऱ्यावर?*



रोवणी आटोपली, आता ई-पीक पाहणीचे दिवस. धान खरेदीची नोंदणी सुरू झाली की दरवर्षी काही सभासद सातबारा घेऊन येतात. फोटो काढलेला असतो, पण सातबाऱ्यावर पीक नसतं. फोटो खरंच काढलेला असतो, त्यात खोटं काही नाही. मधे काय होतं ते आज बघू.

पूर्वी गाव नमुना १२ मधला पीकपेरा तलाठी लिहायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर हे काम शेतकऱ्याच्या फोनवर आलं. लिहिणारे आपण, म्हणजे तपासणारेही पहिले आपणच.

आता धुऱ्यावर उभे राहा. देवरी, सालेकसाच्या जंगलपट्टीत कितीतरी बांध्यांवर रेंज नसते. अशा वेळी भरलेली माहिती आधी फोनातच साठते. रेंजमध्ये आल्यावर ती अपलोड झाली, तरच सरकारी सर्वरवर पोचते. तोवर ती फक्त तुमच्या फोनाची. मधेच कुणी जागा पुरत नाही म्हणून अ‍ॅप काढून टाकलं किंवा फोन रिसेट मारला, की माहिती गेली. पोरांच्या हाती फोन देण्याआधी अपलोड झालं का ते बघाच.

फोटोसोबत अ‍ॅप तुमची जागाही टिपतं, अक्षांश-रेखांशासकट. ती गटाच्या जागेशी ताडून पाहिली जाते. म्हणून घराच्या ओसरीवरून काम भागत नाही. लोकेशन चालू ठेवा, दाट झाडाखाली उभे राहू नका, मोकळ्या बांधीत जा.

दुसरी गोष्ट ओळखीची. तलाठी तुम्हाला चेहऱ्याने ओळखायचे, सर्वर ओळखत नाही. आधारवर नाव एक, सातबाऱ्यावर वडिलांच्या नावाशिवाय, पासबुकावर इंग्रजीत तिसरंच. माणसाला कळतं की हा एकच गडी आहे. संगणकाला ती तीन माणसं वाटतात. म्हणून अ‍ॅप बनवणारे नावावर भरवसा न ठेवता नंबरवर ठेवतात: गट नंबर, खाते नंबर, आणि आता अ‍ॅग्रिस्टॅकचा ११ अंकी शेतकरी ओळख क्रमांक. पिकाचंही तसंच. आपल्या तोंडी धान, सरकारी कागदावर भात. प्रत्येकाने आपल्या मनाने टाईप केलं तर एकाच पिकाची दहा पिकं होतील, म्हणून यादीतून निवडायला लावतात.

सगळ्यात महाग पडते ती क्षेत्राची चूक. आपण एकरात बोलतो, अ‍ॅप हेक्टर-आरमध्ये विचारतं. २ एकर म्हणजे सुमारे ०.८१ हेक्टर. घाईत कुणी ०.१८ लिहिलं तर अ‍ॅप काहीच बोलणार नाही. गटापेक्षा जास्त क्षेत्र टाकलं तर ते अडवता येतं, पण १८ आर धान कुणाचाही असू शकतो. अशक्य आकडा मशीन पकडतं, चुकीचा पकडत नाही. खरीप २०२३-२४ मध्ये शासनाने नोंदणीकृत धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, प्रोत्साहन रक्कम जाहीर केली होती. त्या हिशोबाने ०.८१ ला १६,२०० रुपये होतात आणि ०.१८ ला ३,६००. दोन अंकांची अदलाबदल, १२,६०० चा फटका.

सामाईक खात्यात तर भांडणंच लागतात. एका भावाने पूर्ण गटावर आपला धान टाकला, की दुसऱ्याला नोंदवायला क्षेत्रच उरत नाही. यात अ‍ॅपचा दोष नाही. सातबाऱ्यावर जेवढं क्षेत्र तेवढंच वाटायला असणार. नोंद करण्याआधी भावाभावांत आणि बहिणींशीही बोलून घ्या, कुणाच्या नावाने किती. पोटखराबा धरून बसू नका, प्रत्यक्ष धान किती जागेत आहे तेवढंच घाला. धुऱ्यावर तूर लावली असेल तर तिचीही नोंद करा, ती नेहमी राहून जाते.

चूक झालीच तर २०२२ च्या सुधारित अ‍ॅपपासून ४८ तासांत ती स्वतः दुरुस्त करायची सोय आली आहे. त्यामुळे नोंद केली त्याच रात्री एकदा अ‍ॅप उघडा, क्षेत्र आणि पीक परत वाचा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. अ‍ॅपमध्ये गावातल्या खातेदारांची पीक पाहणीही दिसते. आपलं नाव तिथे आलं का ते बघा.

धान खरेदी केंद्रावर, मग ते पणनचं असो की आदिवासी विकास महामंडळाचं, सातबाऱ्यावरचा धान बघूनच नोंदणी होते. आपल्या कंपनीच्या यादीतही आता नावाआधी गट नंबर आणि शेतकरी क्रमांक घेतोय. ज्यांचा राहिला असेल त्यांनी सातबारा आणि फोन घेऊन कार्यालयात यावं. ओटीपी मात्र कुणालाच सांगू नका, आमच्या माणसालाही नाही.