दोनशेत एक

आमच्या आईच्या काळी दिवस गेलेल्या बाईला डोहाळे विचारीत. आता 'रिपोर्ट काय आला?' असे विचारतात. त्यात वाईट काही नाही. पूर्वी जे नशिबावर टाकले जाई, त्यातले बरेचसे आज आधी कळते. मात्र कळले म्हणजे नेमके काय कळले, हे घरातल्या सगळ्यांनाच उमगते असे नाही.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या हाती असा एक कागद आला. वय ३६, पहिलीच खेप. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात सोनोग्राफीने गर्भाच्या मानेमागची जाडी मोजतात आणि आईच्या रक्तातले दोन घटक तपासतात. कागदावर होते : डाउन सिंड्रोमची शक्यता २०० मध्ये १. संध्याकाळपर्यंत घरावर सुतकी कळा आली. सासूबाई देवापुढे बसल्या. "काका, आता काय करायचं?" तिचा फोन आला.

बँकेत कर्जे मंजूर करण्यात माझा जन्म गेला; जोखीम आणि बुडीत खाते यांतला फरक मला ठाऊक आहे. म्हटले, "अगं, दोनशे जणींना हाच आकडा आला, तर १९९ बाळांना हा दोष नसतो." नुसत्या वयानेही ही शक्यता पस्तिशीत सुमारे ३५० त एक आणि चाळिशीत शंभरात एक होते. पहिली चाचणी ही चाळणी आहे, निवाडा नव्हे. आईच्या रक्तातून डीएनए तपासणारी नवी एनआयपीटी चाचणी बरीच अचूक असली, तरी तीही चाळणीच. पक्के निदान होते ते पंधराव्या आठवड्यानंतर सुईने गर्भजल काढून, आणि त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो.

पुतणीने ती तपासणी करून घेतली. निकाल चांगला आला. पण वाट पाहण्याच्या त्या दिवसांत नवराबायकोने काय ठरवले होते, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

याच सुईने एके काळी मुलगी शोधली जाई. म्हणून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा आला. दुसरी अडचण मुदतीची होती. अवयवांतले दोष दाखवणारी सोनोग्राफी अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होते आणि गर्भपाताची मर्यादाही विसाचीच. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयातील दोषामुळे मुंबईचे एक दांपत्य उच्च न्यायालयात गेले, तेव्हा वीस आठवडे उलटले होते. परवानगी मिळाली नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास ही मर्यादा आड येत नाही.

कायदा वाट मोकळी करतो, चालायचे मात्र त्या दोघांनाच असते. डाउन सिंड्रोम असलेली मुले शिकतात, कामे करतात, घरावर जीव लावतात. त्यांना वाढवताना आईबाप थकतात, हेही खरेच. म्हणून चाचणीआधीच डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत : यातून काय कळेल, आणि काय कळणार नाही? उरलेला तिसरा प्रश्न नवराबायकोने एकमेकांना विचारायचा. तेवढा वेळ इतरांनी गप्प बसावे, ही मदत थोडी नव्हे.