बंब आहे, अधिकारी कुठे?

महापालिकेने नवी उंच शिडी घेतली की तिचे लोकार्पण होते, नारळ फुटतो, दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. स्टेशन ऑफिसरची कित्येक वर्षे रिकामी असलेली जागा भरली, तर ती बातमी होत नाही. अग्निशमन दलाचा खर्च यंत्रांवरून मोजायची सवय आपल्याला लागली आहे. माझ्या मते महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत आज अधिक निकड आहे ती अधिकाऱ्यांच्या फळीची. ती उभी राहत नाही याला पैशाची टंचाई हे अर्धेच कारण. उरलेले कारण पैसा कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या नियमाने अडतो, यात आहे.

1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत धरली आहे. म्हणजे बंब, जवान, केंद्राची इमारत आणि पगार हे सगळे मुख्यतः त्या त्या शहराच्या तिजोरीवर. अनेक शहरांत मालमत्ता कराच्या बिलावर अग्निशमन कराची वेगळी ओळ असते, आणि बांधकामांना परवानगी देताना अग्निशमनाचे शुल्कही घेतले जाते. या पैशातून दलावर किती खर्च झाला, हे मात्र सामान्य करदात्याला अंदाजपत्रकात सहज सापडत नाही. बाहेरून येणारी मदत बहुतांशी भांडवली कामांसाठी असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटी रुपयांची योजना आणली. केंद्रे, साधने आणि प्रशिक्षण यांना तिचा उपयोग आहे, पण दरमहा पगाराचा भार उचलणे हा तिचा हेतू नाही. पगार शहराच्या महसुलातून द्यायचा, आणि तिथे आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत ठेवण्याची राज्य शासनाची अट आडवी येते. त्या मर्यादेत लिपिक आणि फायरमन एकाच हिशेबात मोजले जातात. मग गाडी येते, आणि तिच्यावर बसणारी माणसे मंजुरीसाठी ताटकळतात.

एक गाडी चोवीस तास सज्ज ठेवायला किती माणसे लागतात, हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. रोजच्या तीन पाळ्या धरल्या तर एका जागेसाठी वर्षाला 1,095 पाळ्या भरायच्या. साप्ताहिक सुट्ट्या, रजा आणि प्रशिक्षण वजा जाता एक माणूस वर्षात साधारण 260 पाळ्या करतो. म्हणजे एका खुर्चीमागे चारांहून अधिक माणसे. गाडीवर यंत्रचालकासह सहा जण धरले, तर एका गाडीमागे पंचवीस. हाच हिशेब अधिकाऱ्यालाही लागू आहे: एका केंद्रावर प्रत्येक पाळीत एक जबाबदार अधिकारी हवा असेल तर चारांहून अधिक अधिकारी लागतात. प्रत्यक्षात एकाच अधिकाऱ्याकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार असतो, तेव्हा रात्रीच्या पाळीत निर्णय कोणाचा, हा प्रश्न लीडिंग फायरमनच्या खांद्यावर येऊन पडतो.

तो निर्णय साधा नसतो. वर्दी आली, गाडी पोहोचली, की पहिल्या काही मिनिटांतच आत माणसे अडकली आहेत का, जिना वापरता येईल का, पाणी किती वेळ पुरेल, दुसरा टँकर कुठून मागवायचा, हे ठरवावे लागते. सगळ्यांत अवघड असते ते आत गेलेल्या जवानांना कधी बाहेर बोलवायचे, हे ठरवणे. इमारतीचा ढाचा कधी दगा देईल याचा अंदाज अनुभवाने येतो, आणि अनुभवी माणसालाही तो दर वेळी येतोच असे नाही. मे 2015 मध्ये काळबादेवीतील गोकुळ निवासच्या आगीने मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी हिरावून नेले. त्यांत मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपमुख्य अधिकारी सुधीर अमीन होते. देशातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या दलांपैकी एकाची वरची फळी अशी काही दिवसांत रिकामी झाली. मुंबईसारख्या दलात मागे उभे राहणारे अधिकारी असतात. ज्या शहरात मुख्य अधिकारीच प्रभारी आहे, तिथे अशा वेळी कोण उभे राहील?

आग लागण्याआधीचे काम तर याहून मोठे. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीच्या मालकाने दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन द्यायचे असते. ही 'ब' नमुन्याची प्रमाणपत्रे दलाच्या कार्यालयात जमा होतात. त्यातली खरी कोणती, नुसती कागदावरची कोणती, हे जागेवर जाऊन अधिकाऱ्यालाच पाहावे लागते. 9 जानेवारी 2021 ला भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळे गेली, आणि राज्यभरातल्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले. आदेश आवश्यकच होते. पण तपासणारे हात तेवढेच राहिले, तर तपासणी घाईत उरकली जाते.

जागा का भरत नाहीत, याचे एक चक्र आहे. वरच्या पदासाठी ठरावीक सेवा आणि ठरावीक प्रशिक्षण लागते. नागपूरला 1957 पासून राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, अधिकाऱ्यांचे अभ्यासक्रम तिथे चालतात. पण माणूस महिनोन्‌महिने प्रशिक्षणाला सोडला तर त्याची पाळी कोण करणार, म्हणून तो सोडला जात नाही. प्रशिक्षण नाही म्हणून पात्रता नाही, पात्रता नाही म्हणून पदोन्नती नाही, आणि शेवटी पद 'अतिरिक्त कार्यभारा'वर चालते. सेवाप्रवेश नियम जुने असतील किंवा ज्येष्ठतेचा वाद न्यायालयात असेल, तर गुंता आणखी वाढतो. प्रभारी माणूस कितीही कर्तबगार असला तरी पाच वर्षांचा आराखडा आखताना आणि बड्या बांधकामाला नकार देताना त्याच्या हाताला बळ कमी पडते.

यावर लेखा विभागाचा आक्षेप असा की आगी रोज लागत नाहीत, मग एवढी माणसे कशाला पोसायची? आक्षेप प्रामाणिक आहे, कारण लहान शहराचा महसूल खरोखरच तुटपुंजा असतो. पण वर्दी नसलेल्या वेळेत करण्यासारखे तपासणीचे आणि प्रशिक्षणाचे काम वर सांगितलेच आहे. कंत्राटी भरतीचा उपायही सुचवला जातो. वाहनांची देखभाल बाहेर देता येईल, पण धुरात शिरायचा हुकूम देणारा अकरा महिन्यांच्या करारावर असू नये, कारण हाताखालच्या माणसांना त्याच्यावर विसंबून आत जायचे असते. विभाग एखाद्या उपायुक्ताकडे सोपवला की नेतृत्वाचा प्रश्न सुटतो, हेही मला पटत नाही. उपायुक्त निधी मिळवून देऊ शकतो, आणि ते मोलाचे आहे, पण आगीच्या ठिकाणचा निर्णय त्याचा नव्हे.

म्हणून 35 टक्क्यांच्या मर्यादेतून अग्निशमनाची प्रत्यक्ष सेवेतली पदे वेगळी काढावीत, आणि अग्निशमन कर व शुल्क यांची जमा आणि दलाचा खर्च अंदाजपत्रकाच्या एकाच पानावर समोरासमोर दाखवावा. प्रशिक्षणाला गेलेल्यांच्या जागी राखीव पदे आकृतिबंधातच धरावीत. स्टेशन ऑफिसरपासून वरच्या पदांसाठी महापालिकांचा मिळून राज्यस्तरीय संवर्ग करावा. यामुळे शहरांची स्वायत्तता जाईल, अशी भीती व्यक्त होईल. परंतु नगरपरिषदांसाठी असा राज्यसेवा संवर्ग आहे, त्यात अग्निशमन सेवाही आहे, आणि 2023 मध्ये त्याची राज्यभराची भरती जाहीर झाली होती. फायरमन आणि यंत्रचालक स्थानिकच राहावेत, कारण गल्लीबोळ, विहिरी आणि पाण्याच्या टाक्या त्यांनाच ठाऊक असतात. अधिकारी मात्र एका शहरात रासायनिक आग, दुसऱ्यात पूर, तिसऱ्यात उंच इमारती हाताळून आलेला असेल, तर नेमणुकीच्या नव्या शहराला तो अनुभव वेगळा पैसा न मोजता मिळेल. शिवाय एखाद्या शहरातले पद रिकामे झाले, की तिथल्या सेवाज्येष्ठतेचा वाद मिटायची वाट न पाहता दुसरीकडून माणूस पाठवता येईल.